नंबर घासलेले टायर: स्वस्त का मिळतात आणि घेण्याआधी काय तपासायचं

पहिली गाडी, त्यातून सेकंडहँड, घेतली की वर्षभरात चार टायरचा खर्च हमखास दारात येतो. डीलरकडे भाव विचारला की माणूस हबकतो. मग कोणीतरी सांगतं, "बायपासला एक जण आहे. कंपनीचेच टायर, निम्म्या किमतीत. नंबर तेवढा घासलेला असतो." असा टायर घ्यावा का, या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

माझ्या दोन गाड्या ट्रॅव्हल्सला लागतात. संभाजीनगरहून पुणे, शिर्डी, नागपूर अशा फेऱ्या असतात, त्यामुळे डिझेलनंतर टायर हाच मोठा खर्च. जुन्या टायरची दुकानं, रिमोल्डवाले (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणारे), डीलर, कंपनीचे क्लेम, सगळीकडे फिरणं झालंय. मित्र-नातेवाईक टायर घ्यायला निघाले की मला सोबत ओढतात.

मत आधीच सांगून टाकतो. जुना टायर घेण्यात काही गैर नाही. ज्याच्यावरचं लिखाण मुद्दाम काढलंय तो मात्र फुकट मिळाला तरी गाडीला लावू नका. टायर कापून आत बघता येत नाही. त्याचं वय, वजन पेलायची ताकद, तो कुठून आला, हे सगळं बाजूवर उठवलेल्या अक्षरांवरूनच कळतं. ती अक्षरं काढणाऱ्याने आधी वाचलेली असतात. तुम्हाला ती वाचायला मिळू नयेत म्हणूनच त्याने मेहनत घेतलेली असते.

जाताना सोबत काय न्यायचं

- मोबाइल, टॉर्च चालू होणारा. बीआयएस केअर हे सरकारी अॅप आधीच टाकून ठेवा.
- ट्रेड डेप्थ गेज, म्हणजे नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी. ऑनलाइन स्वस्तात मिळते. एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुरते.
- ओला रुमाल किंवा वेट वाइप्स. कशाला, ते पुढे येईल.
- आरसी, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो टायर साइझ आणि हवेचा स्टिकर असतो त्याचा फोटो.
- सध्याच्या चारही टायरच्या बाजूंचे फोटो.

1. आधी स्वतःच्या गाडीचा टायर वाचायला शिका

दुकानात जाऊन शिकायला बसू नका. घरी, पार्किंगमध्ये, उकिडवं बसून आपलाच टायर वाचा. समजा त्यावर 185/65 आर15 88एच असं आहे. 185 ही रुंदी मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के. आर म्हणजे रेडियल आणि 15 म्हणजे रिम किती इंची. एवढं बहुतेकांना माहीत असतं. दुकानदारही एवढंच विचारतो.

लोक सोडून देतात ते शेवटचं 88एच. 88 हा लोड इंडेक्स, म्हणजे पूर्ण हवेत हा एक टायर 560 किलो पेलतो. 85 असेल तर 515 किलो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा टायर, टी म्हणजे 190. साइझ तीच आणि लोड इंडेक्स कमी, असे टायर बाजारात असतात. सात जण बसवून वर कॅरिअरवर बॅगा टाकणाऱ्याला हा फरक महागात पडतो. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा खाली जायचं नाही. वर गेलात तर हरकत नाही.

त्यानंतर डीओटी ही तीन इंग्रजी अक्षरं शोधा. त्यांच्या पुढे अक्षरं-आकड्यांची रांग असते आणि शेवटी चार आकडे. 3524 असेल तर टायर 2024 च्या 35 व्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस बनला. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 सालाच्या आधीचा. तो हातातही घेऊ नका. (हसू नका, स्टेपनी म्हणून डिकीत पडून राहिलेले असले टायर निघतात.)

इथे नवखा माणूस हमखास अडखळतो: पूर्ण तारीख बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. दुसऱ्या बाजूला डीओटी असतं, पण शेवटचे चार आकडे नसतात. म्हणून गाडीला बसवलेल्या टायरवर तारीख दिसली नाही की लगेच "घासलाय" असं समजू नका, आतल्या बाजूने वाकून बघा. याचाच उलटा फायदा विकणारे घेतात. घासलेली बाजू आत घालून टायर चढवला की बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं.

आयएसआयचं चिन्हही शोधा. भारतात गाड्यांच्या टायरला ते 2009 च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरपासून सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस 15633 असेल तर तो कारचा टायर, 15636 असेल तर ट्रक-बसचा आणि 15627 दुचाकी-तीनचाकीचा. खाली सीएम/एल असं लिहून लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या कारखान्याचा, ते समोर येतं.

2. लिखाण कोण काढतं आणि का, ते समजून घ्या

आमच्या शहरातल्या एका जुन्या टायरच्या दुकानात झालेलं बोलणं सांगतो. भाच्याच्या गाडीसाठी गेलो होतो. टायर काळाभोर चमकत होता, नक्षी भरपूर, आणि डीओटीच्या जागी तळहाताएवढा गुळगुळीत पट्टा.

"भाऊ, नंबर का काढलाय?"

"वॉरंटी देत नाही ना आपण. उगाच गिऱ्हाईक कंपनीकडे जातं."

"मग तारीख कशाला काढली?"

"ती त्याच्यासोबतच जाते, साहेब."

उत्तर अर्धं खरं होतं, म्हणूनच ते खपतं. अशा टायरमागे साधारण चार-पाच गोष्टी असतात, आणि त्यातली कुठली तुमच्या वाट्याला आलीय ते ओळखायचा मार्गच उरलेला नसतो.

पहिली गोष्ट वय. रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला आतून कडक करत जातो, ओझोन वरून तडे पाडतो. टायरच्या मिश्रणात मेण आणि संरक्षक रसायनं घातलेली असतात. टायर चालत राहिला, दाबला-सुटला, की ती पृष्ठभागावर येत राहतात. गोदामात वर्षानुवर्षं निजलेल्या टायरमध्ये ते होत नाही. नक्षी नव्यासारखी असते, पण आत रबर आणि पोलादी तारांच्या पट्ट्यांची पकड सुटत आलेली असते. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनी काढाच, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. चार आकडे गेले की हा हिशेबच संपला.

दुसरी गोष्ट क्लेममध्ये परत गेलेला टायर. गिऱ्हाइकाची तक्रार मान्य झाली की कंपनी टायर ठेवून घेते. त्याला फुगा आलेला असतो, आतला तारांचा पट्टा सुटलेला असतो किंवा बीड, म्हणजे रिमवर बसणारी कड, गेलेली असते. असा टायर पुन्हा रस्त्यावर यायलाच नको. पण भंगाराच्या वाटेवरून तो कधी बाहेर निसटतो, आतून पॅच बसतो आणि सीरियल नंबर, म्हणजे त्या टायरचा स्वतःचा नंबर, घासला जातो. तो नंबर कोणी कंपनीत दाखवला तर लगेच कळेल ना!

तिसरी गोष्ट कारखान्यात तपासणीत नापास झालेला माल. नाशिक, चाकण, गोव्यात उसगाव अशा ठिकाणी टायरचे कारखाने असल्यामुळे "कंपनीतून थेट आणलाय" ही कथा आपल्याकडे सहज पटते. कंपनी चांगला माल नंबर घासून विकत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

चौथी गोष्ट चोरी. उभ्या गाडीची चाकं जातात, टायरने भरलेला ट्रकही रस्त्यात लुटला जातो. सीरियल नंबरवरून माल कुठल्या लॉटचा हे कळतं, म्हणून नंबर आधी जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नंबर घासलाय, बिल नाही, भाव निम्मा. "मला काय माहीत" हे पोलीस ठाण्यात सांगायला तेवढं सोपं जात नाही.

पाचवी गोष्ट आपल्या भागातली. बैलगाडीसाठी वेगळे टायर निघतात, त्यावर एडीव्ही अशी अक्षरं असतात. उसाच्या हंगामात कारखान्याकडे रांगेने जाणाऱ्या टायरगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. बैलाच्या चालीसाठी बनलेला टायर टेम्पोला चालत नाही. अक्षरं काढली तर मात्र तो साइझ जुळणारा एक काळा टायर एवढाच उरतो. छोटा हत्ती किंवा पिकअपसाठी जुने टायर घेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आणि घासण्याचंच नुकसान वेगळं. टायरच्या बाजूचं रबर जेमतेम काही मिलिमीटर असतं, त्याच्या लगेच खाली दोऱ्यांचा थर. ग्राइंडर जरा जास्त दाबला की तो थर उघडा पडतो किंवा त्याला चटका बसतो. वरून पॉलिश मारलं की दिसत नाही. वर सांगितलेल्या साइझचा टायर ताशी 80 ला मिनिटाला 680 च्या वर फेरे मारतो, आणि प्रत्येक फेऱ्यात बाजू एकदा दबते, एकदा सुटते. टायरचा सगळ्यात जास्त वाकणारा भाग तोच, आणि नेमका तोच खरवडलेला.

3. टायर हातात घ्या, उजेडात न्या, पुसा

दुकानाच्या आत, ट्यूबलाइटखाली टायर पसंत करू नका. बाहेर उन्हात आणायला सांगा. खऱ्या दुकानदाराला याचा राग येत नाही.

आधी ओला रुमाल बाजूवरून घट्ट फिरवा. टायर पॉलिश असेल तर रुमाल काळा होईल आणि खालचा खरा रंग दिसेल. घासलेली जागा आजूबाजूपेक्षा निस्तेज, जरा करडी दिसते. मग टॉर्च समोरून न मारता बाजूला टेकवून आडवा मारा. टायरच्या बाजूवर बारीक गोल रेघा असतात, अगदी पूर्ण चक्कर मारणाऱ्या. घासलेल्या ठिकाणी त्या रेघा तुटतात आणि पट्टा संपला की पुन्हा सुरू होतात. बोटाचं नख त्या रेघांना आडवं फिरवलं की खरखर लागते. घासलेल्या पट्ट्यावर नख सरकन घसरतं.

तारखेच्या चार आकड्यांकडे जरा वेळ द्या. साच्यात तेवढा तुकडा आठवड्याला बदलता यावा म्हणून वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे आकड्यांभोवती बऱ्याचदा पातळ चौकट किंवा लंबगोल रेष उमटते. आकडे आहेत, पण एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, वाकडा किंवा तापल्या सळईने कोरल्यासारखा वाटतोय, तर तारीख बदललेली आहे. 14 चा 24 करायला फार कष्ट लागत नाहीत.

आता नक्षी. तिच्या खाचांमध्ये टीडब्ल्यूआय नावाची आडवी उंचवट्याची पट्टी असते, 1.6 मिलिमीटर उंचीची. रबर झिजून त्या पट्टीला लागलं की टायर संपला. कायद्यातही कारसाठी किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे, दुचाकी आणि तीनचाकीसाठी 0.8. कारचा नवा टायर साधारण सात-आठ मिलिमीटरचा असतो.

खाच खोल आहे पण टीडब्ल्यूआयची पट्टी कुठेच सापडत नाही, किंवा ती मध्येच चिरलीय? मग त्या टायरला कटिंग मारलंय. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या ब्लेडने नव्याने खाचा पाडतात, वरून पॉलिश. ट्रकच्या काही टायरमध्ये यासाठी मुद्दाम जास्त रबर दिलेलं असतं आणि तसं बाजूवर लिहिलेलंही असतं. कारच्या टायरमध्ये खाचेखाली अगदी थोडं रबर आणि लगेच तारा. खाचेच्या तळाशी टॉर्च मारा. कापलेली खाच तळाशी खडबडीत असते, साच्यातली गुळगुळीत.

टायर रिमवरून उतरलेला असेल तर तुमचं नशीब, आत हात घालून बघा. दुकानदार ज्याला "एकदम कडक माल" म्हणतो त्याच्या आत काळी भुकटी सांडलेली असेल किंवा बाजूच्या आतून गोल, खरवडल्यासारखा पट्टा असेल, तर तो टायर कमी हवेवर लांबपर्यंत पळवलाय. दोरे तुटलेले असतात. बाजूच्या आतल्या अंगाला पॅच दिसला तर पुढे काही बघायचंच नाही. पंक्चर फक्त नक्षीच्या भागात काढता येतं, बाजूला नाही, मग पंक्चरवाला काहीही सांगो.

रबराचे बारीक केस शाबूत आहेत म्हणून टायर नवा, हे खरं मानू नका. पडून राहिलेल्या दहा वर्षांच्या टायरलाही ते असतात. रंगीत स्टिकरही तसाच, तो छापून मिळतो.

4. विकणाऱ्याची ठरलेली वाक्यं

"फक्त सिटीत चालवायचाय ना?" सिटीत चालवणारा माणूस दिवाळीत गावी जातोच.

"नवीन टायरवर कंपनी तारीख टाकत नाही." टाकते.

"ट्यूब टाकून देतो, मग टेन्शन नाही." ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकायची वेळ आली म्हणजे टायर हवा धरत नाही, हे तो स्वतःच कबूल करतोय.

"स्टेपनीला घ्या." स्टेपनी निघते ती रात्री, घाटात, पावसात. त्या वेळी वय माहीत नसलेला टायर लावायचा का, ते तुम्हीच ठरवा.

समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांना जरा जास्त सांगतो. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, काँक्रीट, कारला ताशी 120 ची परवानगी. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने तास-दोन तास गाडी पळते आणि टायरमधली उष्णता निवायला उसंत मिळत नाही. मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या आसपास असतो, त्यात रस्ता तापलेला. 2023 मध्ये अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने या रस्त्यावर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली ती उगाच नाही. गावातल्या खड्ड्यांत वर्षभर निभावलेला टायर तिथे पहिल्या तासात बोलतो.

5. चढवण्याआधी फोटो, चढवताना हजर

टायर पसंत पडला की चारहींच्या डीओटीचे आणि आयएसआयचे फोटो काढा, रिमवर चढण्याच्या आधी. चारही तारखा एकमेकींच्या जवळ असाव्यात. तीन ताजे आणि एक चार वर्षं जुना असा सेट खपवणं ही नेहमीची युक्ती. चहा प्यायला पाठवलं तर जाऊ नका, पसंत केलेला टायर आणि चढलेला टायर एकच आहे का ते बघा. तारखेची बाजू बाहेर ठेवायला सांगा. मात्र टायरवर फिरायची दिशा किंवा बाहेरची बाजू दाखवलेली असेल तर ती पाळावीच लागते.

दोनच टायर बदलत असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की नवख्याच्या हातून गाडी सावरत नाही. व्हॉल्व्ह नवे घ्या. बॅलन्सिंग करताना एकेका चाकाला शंभर ग्रॅमच्या वर शिसं लागत असेल तर टायर किंवा रिम, दोहोंपैकी एकात गडबड आहे. टायर फिरवून पुन्हा बसवायला सांगा. तरी तेच आलं तर परत करा.

6. बिल

पक्कं बिलच घ्या. त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर, टायरची साइझ, मॉडेल आणि जमलं तर सीरियल नंबर हवा. "बिलाशिवाय घ्या, टॅक्स वाचेल" हे ऐकवलं जाईलच. नव्या टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तेव्हा आधी नवे भाव विचारा. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनेच आकडे आहेत.

बिल आणि सीरियल नंबर या दोन्हींशिवाय कंपनीकडे क्लेम होत नाही. क्लेममध्ये कंपनी किती नक्षी उरलीय ते मोजून तेवढ्या प्रमाणात पैसे वळते करते. नंबर काढलेल्या टायरला कुठलीच कंपनी हात लावत नाही.

विम्याचंही बघा. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं तरच टायरचे, तेही निम्मे. गाडी चालवण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाची, अशी अट पॉलिसीत असते. सर्वेअर फुटलेल्या टायरचा फोटो काढतोच. तिथे घासलेला पट्टा दिसला तर विमा कंपनीच्या हातात वादाचा मुद्दा आयता जातो.

7. मग स्वस्तात घ्यायचं कसं

पैसे खरंच कमी असतात, मला कळतं. नंबर शाबूत ठेवूनही खर्च कमी करायचे रस्ते आहेत.

सगळ्यात चांगला म्हणजे नव्या गाडीवरून उतरवलेले टायर. शोरूममधून गाडी घेतली की काही हौशी लोक आठवड्यात अलॉय आणि रुंद टायर टाकतात, मूळ सेट दुकानात सोडून देतात. जेमतेम चाललेला, लिखाण पूर्ण, तारीख ताजी. मोठ्या टायर दुकानांत नंबर देऊन ठेवा, फोन येतो.

दुसरा, वर्ष-दीड वर्षापूर्वी बनलेला, दुकानातच पडून असलेला नवा टायर. सावलीत ठेवलेला असेल तर तो घ्यायला हरकत नाही, आणि तारीख दाखवून घासाघीस करता येते. इथे तारीख वाचता येण्याचा सरळ पैशात फायदा होतो.

तिसरा, मोठ्या नावाच्या मागे न लागता कमी किमतीचं मॉडेल घेणं. शहरात महिन्याला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला महागडा टायर लागत नाही. आयएसआय, योग्य लोड इंडेक्स आणि ताजी तारीख एवढं असलं की झालं.

चौथा, दोन आता, दोन सहा महिन्यांनी.

रिमोल्डबद्दल सगळे विचारतात. ट्रकच्या मागच्या चाकांना चांगल्या कारखान्यातलं रिट्रेडिंग करून घेणं ही रोजची गोष्ट आहे आणि ती चालते, कारण मूळ टायर कोणाचा, किती चाललेला, हे मालकाला माहीत असतं. कारसाठी अनोळखी टायरवर रबर चढवून विकतात ते मी घेत नाही.

8. असा टायर आधीच गाडीला असेल तर

सेकंडहँड गाडीसोबत तो येतो, यात तुमचा काही दोष नाही. गाडी लिफ्टवर चढवून दोन्ही बाजू बघा. नंबर घासलेला निघाला तर बदलेपर्यंत लांबचा प्रवास टाळा, हवा स्टिकरप्रमाणे ठेवा आणि ती थंड टायरवर मोजा. कमी हवेने टायर सगळ्यात जास्त तापतो. स्टिअरिंग थरथरायला लागलं किंवा ठरावीक वेगाला चाकातून धप-धप आवाज आला, तर गाडी बाजूला घ्या. आतला तारांचा पट्टा सुटायला लागला की असाच आवाज येतो.

दुकानदाराने नवा म्हणून विकलाय आणि बिल आहे, तर आधी त्याच्याकडे लेखी तक्रार द्या, व्हॉट्सअॅपवर दिली तरी चालेल, फोटोंसकट. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लावा. आयएसआय नसलेल्या किंवा खोटं आयएसआय लावलेल्या मालाची तक्रार बीआयएस केअर अॅपमधूनच करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि दुकानातले फोटो जपून ठेवा, अगदीच काही नसण्यापेक्षा बरं.

काढलेला टायर दुकानातच सोडून येऊ नका. "शंभर-दोनशे देतो, राहू द्या" असं हमखास म्हणतात. तुमच्यासमोर त्याची बाजू ग्राइंडरने किंवा कटरने आरपार कापून घ्या आणि मग भंगारात द्या. तार उघडी पडल्यावर त्याला पॉलिश मारून कोणी पुन्हा विकू शकत नाही.